एकच भाव घेऊन औरंगाबादेत

औरंगाबादेहून परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय हो, वेरूळ पाहिलंत?" वेरूळ मी पाहिलं नाही. दौलताबादचा किल्ला आगगाडीच्या खिडकीतून पाहिला, तोही डोळ्यात कोळशाचा कण गेलेला असताना, म्हणजे एकाच डोळ्यानं. बीबीच्या मकबऱ्याचे मिनार लांबून दिसले, त्यांना लांबूनच हात जोडले. लेण्यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं. मी तिथं पाहिली ती भाव करणारी माणसं. आणि त्यांच्यामुळे आमच्या घरातलं एक लग्न मोडता मोडता कसं राहिलं, ते सांगायला बसलो आहे.

आधी माझी ओळख देतो, नाहीतर पुढची फजिती नीट कळायची नाही. पुण्यात माझं वह्या, पाट्या आणि शाई-टाकांचं दुकान आहे. गल्ल्याच्या वर ठळक अक्षरांत पाटी आहे: 'एकच भाव. घासाघीस करू नये.' पाटी वडिलांनी लावली, मी दर दिवाळीला तिच्यावर रंगाचा हात फिरवतो. गिऱ्हाईक "काही कमी?" म्हणालं की मी तोंडानं बोलत नाही. नुसतं बोट पाटीकडे करतो. या बोटाचा मला फार अभिमान होता.

माझे थोरले बंधू लवकर गेले. वहिनींनी खानावळ घातली आणि तिच्यावर आपल्या एकुलत्या मुलीला, कुसुमला, वाढवलं, शिकवलं. त्या खानावळीत श्रीधर नावाचा एक मुलगा जेवायला येई. औरंगाबादचा, वकिली शिकायला आलेला. आधी त्याचं लक्ष आमटीकडे असे, पुढे ते वाढणारीकडे गेलं. वाढणारीनंही त्याच्या पानात तूप जरा सढळ सोडायला सुरुवात केली. वहिनींना सगळं दिसत होतं, पण मुलगा गुणी, घर चांगलं, म्हणून त्या गप्प राहिल्या. शिक्षण संपवून तो घरी परतला आणि त्यानं आपल्या वडिलांना सांगितलं. वडीलही वकील. त्यांनी बोलणी करायला बोलावलं. आता आमच्या बाजूनं बोलायला पुरुष माणूस म्हणजे मी.

निघताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, काय मागतील ते कबूल करा. हवं तर खानावळीची भांडी विकू. पोरीचं मन बसलंय. मोडून मात्र येऊ नका."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही निश्चिंत असा." आणि बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसलो.

मनमाडच्या पुढे

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या छोट्या गाडीत चढलो आणि जग बदललं. पाट्यांवर उर्दू अक्षरं आली, टोप्यांवर गोंडे आले. नाणंही बदललं. आपला रुपया तो कलदार, तिथला तो हाली, आणि एकाचे दुसऱ्यात किती, हे रोज नव्यानं बोलून ठरतं. रुपयाचासुद्धा भाव करतात, हे ऐकून मी पाकीट आतल्या खिशात सरकवलं.

दौलताबादला गाडी थांबली. खिडकीशी एक बाई सीताफळांची टोपली घेऊन आली. काय सीताफळं होती! एकेक डोळा उमललेला.

"केवढ्याला?"

"टोपली आठ आण्याला, बाबा."

मी आठ आणे काढून तिच्या हातावर ठेवले. तिनं आधी नाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग डब्यातल्या इतर उतारूंकडे.

"आवो, काय तरी बोला की!"

"काय बोलू?"

"लई हाय म्हना. फळं बारकी हायेत म्हना."

"पण फळं बारकी नाहीत. चांगली टपोरी आहेत."

आता बाई पार गोंधळली. मागच्या बाईला ओरडून म्हणाली, "आगं, ह्येनं तसंच घेतलं बघ! काय बोलला बी नाय!" मागची बाई लगबगीनं येऊन मला पाहून गेली. गाडी हलली तशी पहिलीनं ओच्यातून आणखी तीन-चार फळं काढून माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "असू द्या. घरी कुनी आजारी हाय काय?" समोर बसलेल्या गृहस्थांनी, दुःख झालेल्या घरी बसावं तसा, हळुवार चेहरा केला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

माझ्या मनात आलं, गरीब भोळी माणसं आहेत. खरा भोळा त्या डब्यात कोण बसला होता, ते कळायला अजून अवकाश होता.

स्टेशनवरून औरंगपुऱ्यातल्या राममंदिराच्या खोलीवर जायला टांगा केला. भाडं विचारलं तर टांगेवाला म्हणतो, "तुमची मर्जी, साहेब." मला वाटलं, किती दिलदार माणूस! उतरल्यावर मी माझ्या मर्जीप्रमाणे पैसे दिले. त्यानं ते तळहातावर पसरले, घोड्याला दाखवले आणि घोड्यालाच म्हणाला, "देख बेटा, साब की मर्जी." घोड्यानं मान हलवली. मी आणखी दिले. घोड्यानं पुन्हा मान हलवली. 'तुमची मर्जी' हा तिथला सगळ्यात महाग शब्द आहे, हे मी पहिल्याच दिवशी रोख देऊन शिकलो.

गुलमंडीतलं दुकान

वहिनींनी बजावलं होतं, जावयासाठी हिमरूचा शेला औरंगाबादेतच घ्यावा. तेव्हा संध्याकाळी गुलमंडीत गेलो. अत्तराचा वास, भट्टीतल्या खरपूस नानचा वास आणि टांग्यांचा "हटो बचके" असा ओरडा, यांच्यामधून वाट काढत एका दुकानाशी पोचलो. गादीवर मालक बसले होते. मेंदी लावलेली दाढी, लाल टोपी, समोर पानाचं तबक. नाव हबीबमियाँ.

"या पंत, या. पुण्याहून आलात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"जोडे बघितले. इतके पुसलेले जोडे इकडं फक्त पुण्याहून येतात."

त्यांनी शेले उलगडायला सुरुवात केली. हिमरू म्हणजे सुताच्या ताण्यावर रेशमाची वेलबुट्टी. सरळ बाजू बागेसारखी, उलट्या बाजूला नुसते मोकळे धागे. हबीबमियाँ प्रत्येक शेला आधी उलटा करून दाखवत आणि मग सुलटा. अंजिरी रंगाच्या एका शेल्यावर माझा जीव बसला.

"याचे किती?"

"अठरा."

मी पाकीट काढलं.

हबीबमियाँचा पानाकडे गेलेला हात तिथंच थांबला. "अठरा बोल्या तो अठरा देते?"

"तुम्हीच तर सांगितलेत."

"मी सांगितले. आता तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? तुमचा माल, तुमचा भाव."

त्यांनी शेल्याची घडी घातली, अगदी दुखावलेल्या बोटांनी, आणि तो फडताळात परत ठेवून दिला. "आज नक्को, पंत. तुमचं मन नाही मालात. उद्या या."

पैसे पुढे केलेले असताना दुकानदार माल देत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. रस्त्यावर आल्यावर मी मोठ्यांदा हसलो. लोकांनी वाट करून दिली.

वकीलसाहेबांची बैठक

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेबांकडे गेलो. गोविंदराव जिंतूरकर. दुमजली घर, बैठकीत जाड गालिचा, उर्दू कायद्याची पुस्तकं आणि दारात जाईचा वेल. माणूस धिप्पाड, आवाज कोर्टातला, आग्रह मात्र घरचा. श्रीधर कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजत होत्या, म्हणजे त्याच्या आईंचं सगळं लक्ष इकडेच होतं.

"तशरीफ ठेवा पंत, आरामात. प्रवासाची तकलीफ नाय ना झाली?"

पाणी झालं, गूळ झाला, चहा झाला. त्यांनी पानाचा डबा उघडला. विडा लावता लावता म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. आता बाकीचं. आमचं म्हणणं, लग्न इथं व्हावं, औरंगाबादेत."

लग्न मुलीकडे व्हायचं, ही साऱ्यांची रीत. पण वहिनींचे शब्द कानात होते. मी म्हटलं, "मान्य."

वकीलसाहेबांनी वर पाहिलं. "जेवणावळी तीन दिवस."

"मान्य."

"सगळ्या गावातले माझे स्नेही येतील. हिंदू, मुसलमान, पारशी. प्रत्येकाला मानाचा शेला."

"मान्य."

चुना लावणारा हात थांबला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, आपल्या दिलदारपणानं ते भारावले. म्हणून मी प्रत्येक 'मान्य' आधीच्यापेक्षा अधिक गोड म्हणू लागलो. बँड? मान्य. मुलाकडच्या बायकांना पैठण्या? मान्य. शेवटी ते पुढे झुकले, माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "आणि वरात हत्तीवरून."

कोपऱ्यातून श्रीधरनं मान वर केली. माजघरातल्या बांगड्या थांबल्या.

हत्ती कुठून आणायचा, तो काय खातो, रात्री कुठे बांधतात, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. डोळ्यांपुढे दुकान आलं, त्यावरची पाटी आली, सावकार आला. तरी मी म्हटलं, "मान्य."

वकीलसाहेबांनी पानाचा डबा बंद केला. विडा मला दिलाच नाही. "ठीक आहे, पंत. विचार करून कळवतो."

मी हर्षभरित होऊन उठलो. गल्लीच्या वळणापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मागून श्रीधर धावत आला. रडकुंडीला आलेला.

"काका, तुम्ही हत्तीला हो का म्हणालात?"

"अरे, तुझ्यासाठीच की! कुसुमसाठी!"

"बाबा वाट बघत होते हो, तुम्ही पहिल्यांदा कधी नाही म्हणताय याची. तुम्ही म्हणतच नव्हता. आता ते आईला म्हणतायत, या मुलीत काहीतरी खोड आहे. त्याशिवाय माणूस हत्तीला कबूल होत नाही."

मी त्याचा दंड धरला. "पण ते तर विचार करून कळवतो म्हणाले!"

"काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्या घरी 'विचार करून कळवतो' म्हणजे संपलं. तुम्ही आताच्या आता गुलमंडीत हबीबचाचांकडं जा. बाबा आणि ते एकाच मौलवींकडं फारसी शिकले. बाबा त्यांचं ऐकतात."

नान आणि दोन बाता

हबीबचाचा म्हणजे कालचेच हबीबमियाँ. मला पाहून हसले. "आले पंत! आज भाव करणार?"

मी गादीच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. सीताफळांपासून हत्तीपर्यंत. हत्तीपाशी आल्यावर ते इतके हसले की लाल टोपी तबकात पडली. मग माझा चेहरा पाहून त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि आत हाक मारून जेवण मागवलं. भट्टीतला गरम, हळदीच्या पिवळ्या रंगाचा नान आला आणि त्याबरोबर एक वाटी आली. नान मी खाल्ला. वाटीचं काय झालं, ते इथं लिहीत नाही, कारण हे वहिनी वाचणार आहेत.

"आता ऐका," हबीबमियाँ म्हणाले. "तुमच्या पुण्यात भाव पाटीवर असतो. इकडं भाव दोघांच्या मधे असतो. मी एक बोललो, तुम्ही एक बोललात, मग चहा येतो, मग तुम्हाला किती पोरं, माझ्या गुडघ्याला काय झालं, हे निघतं. त्याच्यात माणूस कळतो. मी कापड उलटं करून कायकू दाखवतो? धागे बघा, हात लावा, नाक मुरडा. जो उलटी बाजू बघतच नाही, तो एक तर येडा, नाहीतर त्याच्याकडचा माल खोटा."

"पण मला ते शब्द येत नाहीत हो."

"शब्द काय, चार आहेत." त्यांनी बोटं उघडली. "'परवडत नाही' असं कुणी म्हटलं, तर उठायचं नाही, आणखी ऐसपैस बसायचं. सौदा तिथून सुरू होतो. 'बघू' म्हटलं, तर चहा मागवायचा. 'आखरी बात' म्हटलं, तर गप राहायचं, तिच्यामागून आणखी दोन बाता येतात. आणि 'तुमची मर्जी' म्हटलं..."

"ते मला घोड्यानं शिकवलं."

"चांगला घोडा आहे. आता मी गोविंदराव." त्यांनी टोपी मागे सारली, छाती फुगवली, आणि खरंच त्या आवाजात म्हणाले, "पंत, वरात हत्तीवरून!"

मी घाबरून म्हटलं, "मा..."

"नक्को!" ते ओरडले. बाजूच्या दुकानातले दोघे-तिघे गंमत बघायला आले. एकानं सुचवलं, हत्ती म्हटलं की कानावर हात ठेवा. दुसरा म्हणाला, कानावर नाही, कपाळावर. आमची बराच वेळ तालीम झाली. दर वेळी मी चुकायचो, दर वेळी प्रेक्षक वाढायचे. शेवटी हबीबमियाँनी विचारलं, "बरं, तुम्ही काय मागितलंत?"

"मी? आम्ही मुलीकडचे. आम्ही काय मागणार?"

"काहीच नाही? मग तो समजणारच, की माल खपवायला आलेत."

मी ताडकन उभा राहिलो. माझा आवाज चढला. "हबीबमियाँ, तोंड सांभाळा! कुसुम म्हणजे माल नव्हे. त्या पोरीसाठी तिच्या आईनं इतकी वर्षं चुलीपुढं काढली. लेक देऊन ती बाई त्या घरात एकटी राहणार आहे!"

गंमत बघायला आलेले मागे सरले. हबीबमियाँनी माझा हात धरून मला खाली बसवलं. डोळे बारीक करून, अगदी हळू म्हणाले, "हां. हे तिथं कायकू नाही बोललात, पंत?"

वहिनींनी मला सगळं देऊन या म्हणून सांगितलं होतं. त्यांना स्वतःला काय हवंय, हे मी विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं. आमच्यात लेकीच्या घरी आई राहत नाही, मूल होईपर्यंत तिथलं पाणीसुद्धा घेत नाही. औरंगाबाद एवढं लांब. म्हणजे लग्न लागलं, की वहिनींना लेक फार तर माहेरपणाला आली तर दिसायची.

"हेच मागा," हबीबमियाँ म्हणाले. "मी येतो बरोबर."

दुसरी बैठक

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो तेव्हा वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हबीबमियाँना म्हणाले, "तू का आलास? मी कळवतो म्हणालो होतो."

"कळव ना. मी ऐकायला आलो." आणि ते न विचारता गालिच्यावर बसले. "काल पंतांची तब्येत बरी नव्हती. आज बोल."

वकीलसाहेबांनी नाखुशीनं माझ्याकडे तोंड केलं. "काय बोलायचं? लग्न इथं."

मी कपाळावर हात मारला, तालमीत ठरलं होतं तस्सा. "वकीलसाहेब, परवडत नाही!"

त्यांच्या भुवया वर गेल्या. "काय म्हणालात?"

"लग्न पुण्यात. मुलीच्या दारात. तीन दिवसांच्या जेवणावळी कसल्या? एक दिवस जेवा, पण असं जेवा की दोन दिवस भूक लागू नये."

"एक दिवस? अहो, माझी इज्जत काय राहील?"

"इज्जत काय लाडवांवर मोजतात?"

वकीलसाहेब गादीवर पुढे सरकले. डोळ्यांत चमक आली. पानाचा डबा आपोआप उघडला. "दोन दिवस. आखरी बात."

मी गप बसलो. हबीबमियाँ छताकडे बघू लागले.

"बरं, दीड," वकीलसाहेब म्हणाले.

त्यानंतर जे झालं, त्यातली मजा मला लिहून सांगता येणार नाही. गावभरचे शेले पाचावर आले. पैठण्या दोनवर आल्या. बँड गेला आणि सनई राहिली. हत्तीसाठी मात्र ते हटून बसले. मी विचारलं, "हत्ती तुमचा की आमचा?" ते म्हणाले, "तुमचा." मी म्हटलं, "मग चारा तुमचा." ते म्हणाले, "घोडा." मी म्हटलं, "मोटार भाड्यानं." हबीबमियाँ मधे पडले, "अरे, पोराला विचारा!" कोपऱ्यातून श्रीधर म्हणाला, "मी चालत जाईन." आणि आम्ही सगळे हसलो. वकीलसाहेब माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "पंत, माणूस आहात की हो! काल मला वाटलं, कुणी लाकूड पाठवलंय."

इथं थांबलो असतो तर सौदा पटला होता. हबीबमियाँनी मला कोपरानं ढोसलं.

"वकीलसाहेब, आता माझं एक मागणं आहे."

"बोला."

"कुसुमची आई एकटी आहे. लेक दिली की तिचं कुणी नाही. तिनं दरसाल चार महिने इथं लेकीपाशी राहावं. पाहुणी म्हणून नव्हे. घरच्यासारखं राहावं, जेवावं, हवं तेव्हा यावं."

हसू ओसरलं. वकीलसाहेबांनी डबा बाजूला ठेवला. "पंत, हे अवघड आहे. लेकीच्या सासरी आई राहते, असा रिवाज नाय आपल्यात. लोक काय म्हणतील? दिवाळीचे चार दिवस येऊ द्या."

"चार महिने."

"आठ दिवस. त्यांचं जेवण वेगळं शिजवू. कुणी बोट नाय दाखवणार."

"वेगळं नाही. एकाच पंगतीत."

"पंत, हे परवडत नाय," ते म्हणाले, आणि या वेळी ते खरंच म्हणत होते. चहा मागवावा, तर तोही संपलेला. हबीबमियाँनी घसा खाकरला, "गोविंदा, तुझं नाही, त्यांचं नाही. मधलं धरा. एक महिना..."

"थांबा."

माजघराचं दार उघडलं. श्रीधरच्या आई बाहेर आल्या. बुटक्या, गोऱ्या, पदर कमरेला खोचलेला, हातात पळी. सगळ्यांनी माना वळवल्या.

"लई येळ ऐकतेय मी. मधलं धरा म्हनं! काय बाजार मांडलाय व्हय?"

"अगं, तू आत..."

"तुम्ही गप बसा हो जरा." त्या माझ्याकडे वळल्या. "पंत, माझा पोरगा पुण्याला होता तवा दोन्ही येळचं त्या बाईच्या हातचं खाल्लं त्यानं. ताप आला तवा पेज कुनी दिली? पानात तूप कुनी वाढलं? मी इथं बसून रोज म्हनायचे, पोरगं उपाशी तर नसंल? नव्हतं. ती बाई होती तिथं." त्यांनी पळी नवऱ्याकडे रोखली. "ज्या बाईनं माझ्या लेकराला जेवू घातलं, तिनं माझ्या घरचं जेवायचं नाय? असला रिवाज आसंल तर मला नको तो. चार म्हईनं नाय, तिला वाटंल तवा येऊ दे. आणि आत्ता तुम्ही बसा पानावर, पंत. मुलीकडचं म्हनून आडू नका. पहिलं पान तुमचं."

वकीलसाहेब बायकोकडे पाहत राहिले. मग हबीबमियाँकडे पाहून म्हणाले, "हिच्यापुढं अपील नाय चालत."

मी पानावर बसलो. ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी होती. आमच्या आमटीत गूळ, त्यांच्या आमटीत आग. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीनं की कशानं, हे कुणी विचारलं नाही, तेव्हा मीही सांगितलं नाही. श्रीधरच्या आई समोर बसून वाढत होत्या. तिसरी भाकरी नको म्हटलं तर म्हणाल्या, "अर्धी?" मी म्हटलं, "चतकोर." आणि अर्धी पानात पडली.

निघताना

गाडीच्या आधी गुलमंडीत गेलो. हबीबमियाँनी अंजिरी शेला बाहेर काढून ठेवलाच होता.

"किती?" मी विचारलं.

"दहा."

"परवा अठरा होते!"

"परवा तुम्ही गिऱ्हाईक होता. आता पोराच्या लग्नाचा शेला आहे. दहा."

"मुळीच नाही. अठरा."

"परवडत नाही," ते म्हणाले.

"सतरा. आखरी बात."

"अकरा. बघू."

शेजारचे दुकानदार पुन्हा जमले. उलट्या दिशेनं चाललेला असा सौदा गुलमंडीनं क्वचितच पाहिला असेल. शेवटी चौदावर आलो. "तुमचं नाही, माझं नाही," हबीबमियाँ म्हणाले, आणि माझ्या तळहातावर तळहात मारला. तो हात मी जरा जास्तच वेळ धरून ठेवला. आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "ते नक्को. त्याचा भाव करता येत नाही. लग्नाला बोलवा."

मी पुण्याला पोचलो तेव्हा वहिनी खानावळीची पानं मांडत होत्या. कुसुम दाराआड उभी होती.

"जमलं," मी म्हटलं. दाराआडून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग हसण्याचा.

वहिनी खालीच बसल्या. पदरानं तोंड पुसलं. "काय काय कबूल करून आलात?"

मी सगळं सांगितलं. हत्ती आला आणि गेला, ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि दरसाल तुम्ही तिकडे जाऊन राहायचंय. त्यांच्या पंगतीला जेवायचंय. विहीणबाईंनीच सांगितलंय. मी चार महिने मागितले, त्या म्हणाल्या वाटेल तेव्हा."

मांडलेल्या एका पानाची चुरगळलेली कड वहिनींनी बोटानं सरळ केली, मग दुसऱ्याची केली. डोळे वर न करता म्हणाल्या, "चार महिने कसले? माझी इथली पोरं उपाशी मरतील. पंधरा दिवस पुष्कळ झाले."

माझं बोट सवयीनं वर जाऊ लागलं होतं. मी ते खाली घेतलं, त्यांच्यासमोर ऐसपैस मांडी घालून बसलो आणि म्हटलं, "वहिनी, परवडत नाही. साडेतीन."